काकडीची फोड
कोवळी काकडी चिरली की त्या वासानं मला मुळशीतला साठ वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवतो. वडील तापानं फणफणले होते. पडवीवर चढलेल्या वेलाकडं बघत ते आईला म्हणायचे, "एक फोड दे." आई म्हणायची, "पावसाळ्यात थंड बाधतं. ताप उतरला की पोटभर खावा." पाचव्या दिवशी ते गेले. दहाव्याला नदीकाठी भात, लाडू, सगळं मांडलं, पण फांदीवरचा एकही कावळा पिंडाला शिवेना. बराच वेळ गेला. शेवटी आईनं पदराखालून काकडी काढली आणि चिरून पिंडाशेजारी ठेवली. कावळा लगेच शिवला. सुटल्यासारखी माणसं उठली, आई मात्र तिथंच बसून राहिली. आजही घरात कुणी आजारी पडलं, की मी आधी त्याला काय खावंसं वाटतंय ते विचारते.