बारा घोड्यांपुरतं गवत

माझ्या मैत्रिणीच्या काकांइतका घोड्यांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये सापडणार नाही, आणि हे काका घोडे कत्तलखान्यात पाठवायचे. वाचून तुमचं डोकं फिरलं असेल, तर माझंही फिरलं होतं. जन्मात अंडं न खाल्लेला हा माणूस वॉटफर्डच्या हॉस्पिटलमधून रिटायर झाला आणि डेव्हनच्या माळावर ठेंगणे, केसाळ घोडे मांसासाठी पाळायला लागला. मी निषेधाची पत्रकं घेऊन पोचले, तर चहाआधी त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. माळावरचं एक तण घोड्यांना विषारी असतं. ते प्रत्येक पाहुण्याने तासभर उपटायचं असा नियम. घोड्यांना गोणीतलं खाद्य बंद, फक्त इथलं गवत, इथली झुडपं. हिवाळ्यासाठी कापलेलं गवत काका स्वतः चावून बघत आणि म्हणत, "वरच्या उताराचं आहे, जरा तुरट."

मी तोंडावर सांगितलं, काका, हा खून आहे.

"आहेच," ते म्हणाले. "पण माळावर गवत बाराजणांपुरतं. तेरावा ठेवला तर मार्चमध्ये तेराही उपाशी. कोणाला उपाशी ठेवू, तू सांग."

मी पत्रक वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचलं. मला भयंकर राग आला.

त्या वर्षी म्हातारी घोडी मंगळवारी कत्तलखान्यात जायची होती. रविवारी तिचा खूर पिकला, पाय टेकवेना. दुखण्यावरचं औषध एकदा दिलं की घोड्याच्या पासपोर्टवर, म्हणजे त्याच्या सरकारी ओळखपत्रावर, नोंद होते आणि त्याचं मांस खाण्यासाठी कायमचं बाद. आता काकांचं खरं रूप दिसणार, म्हणून मी चक्क खूश झाले. त्यांनी तासाभरात व्हेटला बोलावून औषध दिलं, नोंदीवर सही केली.

"म्हणजे वाचली ती," मी म्हणाले.

"वाचली. जिचं मांस कोणी खाणार नाही, तिला मी मारत नाही." मग बराच वेळ खूर धरून बसले. "आता धाकट्याला जावं लागेल."

धाकटा म्हणजे आई मेल्यावर काकांनी बाटलीने वाढवलेला घोडा.

मंगळवारी त्याच्या मानेवर हात ठेवून काका कत्तलखान्यात गेले, शेवटपर्यंत आत थांबले. इतकं धाडस मी कुठल्याच मोर्च्यात पाहिलेलं नाही. मी बाहेर उभी होते. परतताना गाडीत ते मला सांगत राहिले, धाकटा काट्यांतली कोवळी पालवी ओठांनी कशी अलगद वेचतो, वाऱ्याकडे पाठ करून कसा झोपतो. घर आलं तरी आम्ही दोघं गाडीतच बसून होतो.