परीक्षानळीतली तडतड

ठाण्याच्या खाडीकाठी आमचं मिठागर. बापूस मीठ पिकवायचा आणि दाणा जिभेवर टेकवून ते कुठल्या वाफ्यातलं ते सांगायचा. मी मुंबईच्या कॉलेजात जायचो आणि कुणी विचारलं की सांगायचो, वडिलांचा व्यापार आहे. मिठागरवाल्याचा पोर म्हटलं की डोंबिवलीहून येणारी इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं नाकं मुरडतील, ही धास्ती.

इंटर सायन्सचं प्रॅक्टिकल होतं. पास झालो की कल्याणकडच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत जागा मिळणार होती. तिथल्या साहेबांनी तसा शब्द दिलेला. परीक्षेत प्रत्येकाला पुडीत एक अनोळखी क्षार मिळायचा. त्यावर एकेक द्रावण घालायचं, साका बसतो का, वायू सुटतो का बघायचं, एकेक धातू बाद करत जायचं आणि सगळं वहीत उतरवायचं. चांगलं चार तासांचं काम, आणि त्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा तो वायू डोकं उठवायचा.

माझी पुडी परीक्षानळीत तापवली, तर तडतड! आमच्या चुलीत मीठ सांडलं की अशीच तडतड व्हायची. मास्तरांची पाठ वळताच एक दाणा जिभेवर ठेवला. अरे, हे तर आपलंच! त्या पुड्यांत विषंही असायची, मेलो असतो फुकट. पण मिठागरातल्या माणसाची जीभ आधी धावते, अक्कल मागून येते. सिल्व्हर नायट्रेट घातलं, दह्यासारखा पांढरा साका. ज्योत पिवळीधमक. झालं! मधल्या चाचण्यांची पानं कोरी सोडली, सोडियम क्लोराइड लिहिलं आणि अर्ध्या तासात उठलो.

प्रयोगशाळेतले शिपाई पुडीतल्या क्षाराचं नाव हळूच कानात सांगायचे, हा तेव्हा सर्रास चालणारा प्रकार. परीक्षकांनी वही बघितली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर."

"मग चाचण्या न करता कळलं कसं?"

सगळी पोरं माना वळवून बघायला लागली. माझा बाप मीठ पिकवतो, सर. एवढं एक वाक्य पुरलं असतं. मेल्या, बोल की! अजूनही मी स्वतःला शिव्या घालतो. माझं गप्प राहणं त्यांनी कबुली समजून पानावर लाल काट मारली. नापास झालो, जागा गेली, आणि पुढे त्याच कारखान्याच्या गेटवर पिंपांची नोंद करत माझी उमर सडली.

निकालाच्या दिवशी बापूस मिठाची रास ओढत होता.

"काय वलखाया दिलं व्हतं?"

"मीठ."

तो खो खो हसायला लागला. "आन् तुला नाय आलं?"

"आलं. कसं ओळखलं ते सांगितलं नाही."

"का? सांगायचं ना, माझा बापूस मिठागरात हाय म्हणून!"

मी खाली बघत राहिलो. त्याचं हसू हळूहळू थांबलं. "जा, जेवून घे," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर माझा कुठलाही मित्र घरी आला, की बापूस मागच्या दारानं निघून जायचा.