टी म्हणजे टाकी

तीन आठवड्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून मी तेव्हा फार शहाणी झाले होते. त्या भरात जव्हारच्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा कॉम्प्युटर ‘दुरुस्त’ केला. त्याच्या कॅडच्या, म्हणजे नकाशे आखायच्या प्रोग्रॅमच्या, पडद्यावर एकही बटण दिसेना. बिचाऱ्याची सगळी पुसली गेली, असं समजून मी मूळ मांडणी परत आणली.

बटणं त्यानेच काढली होती. त्यांच्या जागी अक्षरं नेमली होती: टी दाबला की टाकी, व्ही दाबला की विहीर. दाबण्याआधी तो प्रत्येक अक्षर पुटपुटायचा. “हाताला शोधाया लावायचं नाय,” म्हणायचा.

त्या दिवशी त्याच्याच गावच्या, सूर्यमाळच्या नळयोजनेचा नकाशा चारच्या जीपने पालघरला जायचा होता. जीप चुकली असती तर पाड्यातल्या बायांचा आणखी एक उन्हाळा झऱ्यावर गेला असता, आणि त्यांत त्याची आईही होती.

त्याने टी दाबला. टाकी आली नाही. मी कबुली दिली. चष्मा पुसून, लागणारी चार अक्षरं पुन्हा नेमून तो पुटपुटत कामाला लागला. मी खाली जाऊन जीपवाल्याला चहावर चहा पाजत थोपवून धरलं. नकाशा गेला.

मग तो खुर्ची ओढून माझ्या कॉम्प्युटरपाशी बसला. आता हा माझी बटणं उडवणार, म्हणून मी धास्तावले.

“बाई,” तो म्हणाला, “तुम्ही आखता कमी नि खोडता जास्ती. तुमचं पयलं अक्षर खोडायचंच ठेवू ना?”