कानातलं बिऱ्हाड

मिस्त्रींची सगळी हयात लिफ्टमध्ये गेली. त्यातही लिफ्टच्या आत कमी आणि गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत जास्त. अडतीस वर्षं ग्रीसमध्ये हात घालून त्यांनी एक विद्या कमावली होती, ती म्हणजे कान. तळमजल्यावर डोळे मिटून उभे राहत आणि सांगत, "पाचव्या मजल्याच्या दाराचं चाक झिजलंय." वर जाऊन पाहावं तर झिजलेलंच असे. कंपनीतले साहेब यंत्रं लावून तपासायचे आणि शेवटी, "मिस्त्री, तुम्ही जरा ऐका बघू," म्हणायचे.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. महिनाभर पेपर नाही, टीव्ही नाही. माणूस कोंडल्यासारखा झाला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. ती दोन दिवसांसाठी आली तेव्हा तिने त्यांच्या मोबाइलमध्ये बोलकी पुस्तकं घालून दिली.

"बाबा, ऐका तरी. नाही आवडलं तर सोडून द्या."

पहिलं पुस्तक एकच गृहस्थ वाचत होते. बाई बोलली तरी त्याच घशातून, म्हातारा बोलला तरी त्याच. मिस्त्री अर्ध्या तासात घोरायला लागले. जागे झाले तेव्हा बोट कुठेतरी भलतीकडे लागलं आणि दुसरंच काहीतरी सुरू झालं. आधी नुसता वारा. मग बर्फात रुतणारे बूट. मग दारावर तीन ठोके, कडी निघाल्याचा आवाज, आत ताटल्यांची खणखण, आणि एक बाई करवादली, "आधी दार लावून घ्या, मग काय ते बोला." मिस्त्री उठून बसले.

डोंगरातल्या एका खिंडीत खानावळ होती, तिची ती गोष्ट. चाळीस भाग. सतरा माणसं आणि प्रत्येकाला आपापला गळा. मिस्त्री एक कान गोष्टीला देत आणि एक कान कारागिरीला. खानावळीच्या जिन्याची तिसरी पायरी टपालवाला चढला की करकरायची, मालकीण चढली की नाही. कारण पाय कुठे टाकायचा ते तिला ठाऊक. ज्याला हे सुचलं त्याला मिस्त्रींनी बसल्या जागी मान डोलावून दाद दिली. पण सहाव्या भागात कुणीतरी शहरातल्या लिफ्टमध्ये शिरलं आणि त्यांचा पारा चढला.

"साखळीचा आवाज लावलाय," ते बायकोला म्हणाले. "असल्या लिफ्टला साखळी असते का कधी? विहिरीचा रहाट उचलून लावला असेल."

"तुम्ही जाऊन दुरुस्त करून द्या त्यांना," बायको म्हणाली.

ती हे थट्टेने म्हणाली की खरंच, हे मिस्त्रींना कळलं नाही. अलीकडे तिच्या बोलण्यातलं पुष्कळसं तसंच असायचं. दोन वर्षांपूर्वी तिने मिठाच्या बरणीत कपड्यांची पावडर भरून ठेवली, तिथून सुरुवात झाली होती. मग वार गेले, मग वस्तूंची नावं गेली, मग लेकीचं लग्न झालंय हेच गेलं. मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते, "हे थांबत नाही. फार तर हळू होतं." आणि मग, "तेही होईलच असं नाही."

एकतीस वर्षं ती एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात काउंटरवर होती. नंबर लावायचे, घाबरलेल्यांना धीर द्यायचा, रडणाऱ्या पोरांना बोलतं करायचं. आता घरात दिवसभर या खोलीतून त्या खोलीत येरझारा घालायची. कुणीतरी बाहेर ताटकळत बसलंय, असं तिला सारखं वाटे.

मिस्त्रींनी एक छोटा स्पीकर आणला आणि गोष्ट पहिल्या भागापासून पुन्हा लावली, म्हणजे दोघांना ऐकता येईल. पहिल्याच दुपारी ती येरझारा सोडून खुर्चीत टेकली. तासभर हलली नाही. मिस्त्रींना वाटलं, देव पावला.

दुसऱ्या दुपारी खानावळीचं दार वाजलं तशी ती उठली, कपडे सारखे केले आणि जाऊन घराचं दार उघडलं. जिन्यात चिटपाखरू नव्हतं.

"या," ती म्हणाली. "बसा. डॉक्टर येतीलच."

"अगं, ते गोष्टीतलं आहे," मिस्त्री म्हणाले.

"गोष्टीतलं असलं म्हणून काय झालं? बाहेर बर्फ पडतोय. उभं ठेवायचं का त्यांना?"

 मिस्त्रींनीच उठून दार लावलं.

पुढचा महिनाभर त्यांचं घर भरलेलं होतं. "किती जण आहेत?" तिने विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे "सतरा" म्हणून बसले. तिने घरातले होते तेवढे नऊ कप मांडले आणि बाकीच्यांना दुसऱ्या फेरीत देऊ म्हणाली. मग मिस्त्रीच मधे पडले आणि चार कपांवर तडजोड झाली. टपालवाला आला की ती कान टवकारायची. "याचा वरचा दात हलतोय," ती एकदा कुजबुजली. "नीट ऐका, स म्हणताना शीळ वाजते." मिस्त्रींनी भाग मागे नेऊन ऐकला. खरंच वाजत होती. ज्यांच्या कानाची साहेबलोक तारीफ करत, त्यांच्या कानातून ती निसटली होती. त्या दिवशी संध्याकाळी फोनवर त्यांनी लेकीला हे तीनदा सांगितलं.

पुस्तक संपू नये म्हणून ते एक भाग दोन-दोन, तीन-तीन दिवस ऐकवायचे. पुढचं आधी ऐकून ठेवावं, हे मात्र त्यांना सुचलं नाही. सुचायचं कारणही नव्हतं. पुढे काय होतं हे कळलं तर ऐकण्यात मजा काय?

अकराव्या भागात मालकिणीची सहा वर्षांची मुलगी धुक्यात हरवली. ही पोर तिसऱ्या भागापासून होती; बडबडी, खळखळून हसणारी. बायकोचा तिच्यावर फार जीव. आता स्पीकरमधून नुसता वारा येत होता आणि लांबून, कधी डाव्या बाजूने, कधी उजव्या बाजूने, एक बारीक हाक: "आई. आई, मी इथे आहे."

बायको ताडकन उठली. पलंगाखाली वाकली, कपाट उघडलं, पडदे बाजूला केले. मिस्त्रींनी धावत जाऊन स्पीकर बंद केला, आणि तेच चुकलं. हाक मधेच तुटली.

"गप्प का झाली ती?" बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री अंघोळीला गेले. दहा मिनिटं, फार तर बारा. बाहेर आले तर दार सताड उघडं आणि त्यांच्या स्वतःच्या चपला गायब. तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मुलीला शोधायला चाललेय म्हणाल्या. मला वाटलं, तुमची लेक आलीय."

मिस्त्री ओल्या डोक्याने, अनवाणी निघाले. औषधाचं दुकान पाहिलं, बेकरी पाहिली, बसस्टॉप पाहिला. जो भेटेल त्याला विचारत, "निळा स्वेटर घातलेली बाई पाहिलीत का?" आणि पुढे जाताना त्यांना वाटे, तिने हिरवा तर नाही ना घातला. दोन गल्ल्या सोडून शाळा होती. तिच्या फाटकाशी घोळका दिसला तसे ते धावत सुटले.

बायकोने एका लहान मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. पोर भोकाड पसरून रडत होती. पहारेकरी, एक शिक्षिका आणि पोरीची आई, तिघं मिळून ती बोटं सोडवायला बघत होती.

"सापडली हो," बायको मिस्त्रींना बघून म्हणाली. चेहरा असा उजळला होता की गेल्या दोन वर्षांत त्यांनी तसा पाहिला नव्हता. "गार पडलीय बिचारी."

"कोण आहेत या? काय चाललंय हे?" मुलीची आई ओरडली. "पोलिसांना बोलावते मी."

मिस्त्रींनी हात जोडले. काय सांगायचं? की गोष्टीतली मुलगी हरवली आहे? की ती गोष्ट मीच घरात आणली? "आजारी आहे ती," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला, समजावलं, जरा रागावून पाहिलं. तिची पकड आणखी घट्ट झाली. ज्या हातांनी जॅम झालेली लिफ्टची दारं उघडली त्या हातांना पाच बारीक बोटं सुटेनात. जोर लावावा तर मोडतील ही भीती.

मग ते तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "अगं, नंबर आला तिचा. डॉक्टर बोलावतायत."

तिने तत्क्षणी हात सोडला. "जा बाळ," ती मुलीला म्हणाली. "अजिबात दुखत नाही."

मुलीच्या आईने पोरीला उचलून छातीशी धरलं. जाताना तिने एकदा रागाने वळून पाहिलं. शिक्षिकेने मिस्त्रींच्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि रिक्षा थांबवून दिली.

दाराला वर, बायकोचा हात पोचणार नाही अशी कडी बसली. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ते सगळं बंद करा आता. तिला खरं-खोटं कळत नाही." मिस्त्रींनी स्पीकर कपाटात टाकला. पण घरातली शांतता त्याहून वाईट निघाली. बायको चार कप मांडून बसायची आणि चहाचं गार पाणी व्हायचं.

"कुठे गेले सगळे?" ती विचारी. "तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"नाही गं."

"मग येत का नाहीत? आणि ती पोर? सापडली का ती?"

"सापडली."

"मग तिचा आवाज कुठे आहे?"

मिस्त्रींनी हेडफोन लावला आणि बायको झोपलेली असताना दुपारी एकट्याने पुढचे भाग ऐकून काढले. मुलगी सापडली असेल तर तेवढा तुकडा तिला ऐकवू, असा विचार. बाराव्यात गावकरी कंदील घेऊन निघाले. तेराव्यात कुत्र्यांना तिचा मोजा सापडला. चौदाव्यात बर्फ वितळू लागला आणि ओढ्याकाठी मालकीण नुसती किंचाळली. ज्या नटीने ती किंकाळी दिली होती तिने मिस्त्रींच्या अंगावर काटा आणला. एरवी त्यांनी मान डोलावली असती. त्यांनी हेडफोन काढला. पुढचे सव्वीस भाग तसेच राहिले.

दुसऱ्या हलक्याफुलक्या गोष्टी त्यांनी लावून पाहिल्या. त्यातल्या माणसांना बायको ओळखेना. "हे आपले पेशंट नाहीत," म्हणायची.

शेवटी त्यांना तिसरा भाग आठवला. त्यात ती मुलगी पहिल्यांदा येते, सगळ्या खानावळीला हसवते आणि बाविसाव्या मिनिटाला झोपायला जाते. त्यांनी तो लावला. "आली का," बायको म्हणाली आणि खुर्चीत टेकली. बाविसाव्या मिनिटाला मिस्त्रींनी स्पीकर बंद केला.

मग रोज तेच. तीच पायरी, त्याच ताटल्या, तेच हसू. आठ महिने, रोज दुपारी तीन वाजता तिसरा भाग. मिस्त्रींना त्यातला एकेक श्वास पाठ झाला. टपालवाला घसा खाकरणार त्याच्या आधी यांचाच घसा खवखवायचा. गोष्ट ऐकण्याची जी गोडी लागली होती ती पार विटली. पण बायकोला रोज ती मुलगी नव्याने भेटत होती, आणि ती बावीस मिनिटं घरात कुणी हरवलेलं नव्हतं. लेक एकदा येऊन ऐकून गेली. जाताना वडिलांना बराच वेळ धरून राहिली.

मग एका बुधवारी दारावर ठोके पडले आणि बायको उठली नाही. मांडीवरच्या रुमालाची घडी घालत बसली. मिस्त्रींना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी भाग मागे नेला, आवाज वाढवला. ठोके पडले. मुलगी हसली. बायको घडी मोडून पुन्हा घालू लागली. त्यांनी स्वतः कप मांडले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, कपांकडे पाहिलं, आणि नजर सरकून भिंतीवर गेली.

शुक्रवारपर्यंत त्यांनी रोज करून पाहिलं. शनिवारी बाविसाव्या मिनिटाला त्यांचा हात पुढे झालाच नाही. चौथा भाग लागला, मग पाचवा. रविवारी आणि सोमवारी गोष्ट पुढे चालत राहिली. अकरावा लागला तेव्हा ते तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. वारा सुटला. धुक्यातून पोर हाका मारू लागली, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. "आई, मी इथे आहे." बायकोच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मिस्त्रींनाच ते सोसेना. त्यांनी उठून बंद केलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"आई कशी आहे?"

"शांत आहे," मिस्त्री म्हणाले.

"बरं आहे ना मग. तुम्हालाही जरा उसंत मिळेल."

"हो," ते म्हणाले. बायकोच्या हातातला रुमाल खाली पडला होता. फोन कानाशी धरूनच ते वाकले, रुमाल उचलला, आणि पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.