डाव्या हातातला बाओ

अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात कामातून गेला. डाव्या हाताने जेवताना सांडतं, म्हणून त्यांनी चारचौघांत खाणंच सोडलं. परवा फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून परतताना त्यांचे पाय दुखू लागले, म्हणून आम्ही वाटेतल्या एका छोट्या तैवानी दुकानात टेकलो. तिथे फक्त बाओ मिळतात. मैद्याच्या मुठीएवढ्या गोळ्यात मशरूमचं सारण भरून वाफवायचं, की झाला बाओ.

मी सवयीने चमचा मागितला. गल्ल्यावरच्या बाई हसल्या. "चमचा कशाला, ताई? हा हातात धरूनच खायचा."

बाबांनी थोडं थांबून डाव्या हाताने बाओ उचलला. पहिल्या घासाबरोबर वाफ निघाली आणि त्यांचा चष्मा धुरकटला, पण सांडलं काहीच नाही. भोवतालची माणसंही एकाच हाताने खात होती. कुणाचा दुसरा हात फोनवर, कुणाचा नुसताच मांडीवर. माणसाची लाज किती लहानशा गोष्टीत अडकून बसते आणि तेवढ्याच लहानशा गोष्टीने सुटते, असा विचार करत मी बघत राहिले.

दुसरा बाओ उचलताना बाबांनी माझ्या बशीकडे पाहिलं.

"अगं, खा ना. गार होतोय."

कित्येक महिने हे वाक्य मीच त्यांना म्हणत आले होते.