चौगुले बाईंची अॅडमिशनची खोली

निकाल लागला की चौगुले बाई कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर एक लोखंडी घमेलं ठेवायच्या. आत येणाऱ्या प्रत्येक पालकाने आपला मोबाइल बंद करून त्यात टाकायचा, मगच पोराच्या शेजारी बसायचं. कुणी कां-कू केलं तर बाई त्याच्या खिशात स्वतः हात घालायच्या. एका माजी सरपंचांच्या खिशात घातलेला मी पाहिला आहे.

"पावणं, तुमी हितं बसून पुण्याच्या भाच्याला फोन लावणार. त्यो म्हणणार कॉम्प्युटर घ्या. मग साडूला लावणार, त्यो म्हणणार सिव्हिल. पोरगं कुणाचं हाय? भाच्याचं का साडूचं?"

सरपंचांनी फोन दिला.

बाई बायोलॉजी शिकवायच्या, मी गणित. कोल्हापूर शहरातलं आमचं ज्युनिअर कॉलेज काही नामांकित नव्हे. मुलं कागल, मुरगूड, मलकापूरकडून एसटीने येणारी. त्यांच्या घरात बारावीनंतर काय असतं हे कुणाला धड ठाऊक नसे, आणि ज्याला ठाऊक नसे तोच जास्त ओरडे. बाईंनी अॅडमिशनचं काम कुणी न सांगता अंगावर घेतलं आणि मला त्यात ओढलं, कारण माझं टायपिंग जलद होतं. "माने, तू बोलू नकोस, बडव," असं म्हणायच्या. बडव म्हणजे कीबोर्ड. पण त्या खोलीत इतरही बरंच बडवलं जाई.

बाई मारायच्या, हे आधी सांगून टाकते. उंच, रुंद खांद्याच्या, आवाज तालमीतल्यासारखा. कॉलेजच्या पोरांवर हात टाकू नये हा नियम त्यांना माहीत होता आणि त्या तो पाळत नव्हत्या. मित्र जातोय म्हणून पसंतीक्रमात एकाच कॉलेजचं नाव भरून आलेल्या एका मुलाला त्यांनी अशी थप्पड मारली की त्याचा चष्मा खिडकीपर्यंत गेला. मी म्हटलं, "बाई, हे बरं नाही. उद्या तक्रार होईल."

"होऊ दे की. परीक्षेत शेजारच्याचं बघून लिव्हलं तर आपण पेपर काढून घेतो. ह्यो आख्खा जन्म शेजारच्याचा बघून लिवाय लागलाय, त्याला काय पेढा देऊ?"

त्या मुलाचे पर्याय मग बाईंनी दुपारभर बसून त्याच्याकडूनच लिहून घेतले. मारणं मला तेव्हाही पटलं नाही, आत्ताही पटत नाही. पण त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत, हेही खरं.

बापांनी पोरांना मारलेलं मात्र त्यांना चालत नसे. एका मुलाने इंजिनीअरिंगऐवजी बीएस्सी ॲग्री म्हटल्याबरोबर बापाने कमरेचा पट्टा काढला. पहिला फटका मुलाच्या कानावर बसला, दुसरा बाईंनी हवेत धरला. पट्टा मनगटाला गुंडाळून असा हिसडा दिला की तो गृहस्थ टेबलावर तोंडघशी पडला आणि ओठ फुटला. बाईंनी त्याला पाणी दिलं, कापूस दिला, आणि पट्टा कपाटात टाकून कुलूप घातलं. "फॉर्म भरून झाला की न्या. तवर विजार हातानं धरून बसा." तो खरोखर तसाच बसला. एका हातात विजार, दुसऱ्या हातात कापूस. फॉर्म ॲग्रीचाच भरला गेला.

अकरावीच्या पहिल्या तासाला मुलांना त्या आवडीचा विषय वगैरे विचारत नसत. विचारायच्या, "कशाचा कंटाळा येत न्हाय?" बहुतेक मुलं गप्प राहायची. कागलजवळच्या खेड्यातल्या ऋतुजाने मात्र लगेच सांगितलं, "म्हशींचा."

वर्गात हशा झाला. बाई हसल्या नाहीत. ऋतुजाला वडील नव्हते, आईचं घरात चालत नसे. घर आणि गोठा चुलत्याच्या हुकमात. एकदा म्हैस अडली, गावात डॉक्टर नव्हता, तेव्हा या मुलीने कोपरापर्यंत हात घालून रेडकू फिरवून बाहेर काढलं होतं. दोघंही जगली. बाईंनी तिला व्हेटर्नरीच्या मागे लावलं. दोन वर्षं तिला घासून घेतलं, रडवलं, आणि मुलीने मार्क काढले. परभणीला सरकारी सीट लागली.

चुलता म्हणाला, "परभणीत आपलं कोण हाय?" त्याने तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं.

अडचण वेगळीच होती. आमच्या खेड्यांत घरातल्या ज्या पोराला मोबाइलमधलं कळतं त्याचाच नंबर सगळ्यांच्या फॉर्मवर पडतो. आजीची पेन्शन, दुधाचं बिल, पोरीची परीक्षा, सगळ्याला एकच नंबर. ऋतुजाच्या फॉर्मवर चुलतभावाचा होता, प्रवीणचा. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला. तिचा फोन घरच्यांनी आधीच काढून घेतला होता. सीट नक्की करायची तर लॉगिन पाहिजे, लॉगिनला ओटीपी पाहिजे, ओटीपी प्रवीणच्या फोनवर. नंबर बदलायचा म्हटलं तर तेही लॉगिन झाल्यावरच.

शेवटच्या दिवशी दुपारी ऋतुजा देवीला जाते म्हणून घरातून निघून आमच्याकडे आली. पाचपर्यंत सीट घेतली नाही तर जाणार होती. मी लॉगिन उघडायला ओटीपी मागवला, बाईंनी प्रवीणला फोन केला. त्याने उचललाच नाही. पण ओटीपीचा मेसेज बघून पोरगी कुठे आहे हे त्याला बरोबर कळलं. तासाभरात तो आणि त्याचा बाप बुलेटवरून कॉलेजात.

चुलत्याने आल्या आल्या ऋतुजाच्या झिंज्या धरून तिला व्हरांड्यात ओढलं आणि तोंडावर मारलं. नाकातून रक्त आलं. तिने खांब धरला, तर प्रवीण तिची बोटं एकेक करून सोडवायला लागला. बाईंनी त्याच्या पाठीत लाथ घातली. तो बाजूला पडला, तसं बाईंनी मुलीला खोलीत ढकललं, तिच्यामागे मला ढकललं आणि ओरडल्या, "माने, कडी लाव!"

"आणि तुम्ही?"

"लाव म्हणते न्हवं!"

मी कडी लावली. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलेलं नाही. दोघींपैकी एकीला टाइप करणं भाग होतं आणि एकीला मारामारी, आणि कुणाला काय येतं हे स्पष्ट होतं.

बाहेर धपाधप आवाज चालू झाले. खिडकीला गज, त्यातून थोडं दिसत होतं. शिपाई पोलीस चौकीकडे पळाला होता. व्हरांड्यातली पोरं भिंतीला चिकटून उभी. प्रवीण फोन हातात नाचवत होता. "घ्या की ओटीपी! या की घ्यायला!"

मी पुन्हा ओटीपी मागवला. बाहेर टिंग वाजलं.

ते टिंग ऐकून बाईंनी त्याच्या मनगटाला चावा घेतला. साधा नव्हे, तो बैलासारखा ओरडला. फोन खाली पडला, बाईही त्याच्यावर पडल्या. चुलत्याने दाराजवळचं लोखंडी स्टूल उचललं आणि बाईंच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. वाळकं लाकूड मोडतं तसा.

"चार!" बाई ओरडल्या. "सात! परत सात!"

स्टूल दुसऱ्यांदा पाठीत बसलं.

"शून्य! नऊ! माने, शेवटचा आठ हाय का तीन कळंना, चष्मा फुटलाय!"

मी आठ टाकला. चुकला. ऋतुजा माझ्या शेजारी, नाकाला ओढणी लावून, तिचं रक्त कीबोर्डवर. ती म्हणाली, "मॅडम, तीन." तीन टाकला. लॉगिन उघडलं. सीट स्वीकारायच्या बटणावर मी बोट नेलं, तर तिने माझा हात बाजूला केला आणि ते स्वतः दाबलं. त्याच दमात नंबरही बदलून माझा टाकला. पोलीस आले तेव्हा पावती प्रिंटरमधून निघत होती.

नंतरचं थोडक्यात. चुलता आणि प्रवीण चौकीत बसले, सुटले. त्यांनीही उलट तक्रार दिली. संस्थेने बाईंना नोटीस काढली, त्यात "शिक्षिकेने पालकास चावा घेणे" असे शब्द होते. खुलासा मागितला. बाईंनी डाव्या हाताने लिहून दिलं, "घेतला." एवढंच. अॅडमिशनचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. ऋतुजाला मी आठवडाभर माझ्या घरी ठेवलं आणि तिच्या आईला बरोबर घेऊन परभणीला पोचवलं. बाईंचा हात पुढे कधीच सरळ झाला नाही. गेल्या वर्षी हृदयविकाराने त्या गेल्या, तेव्हाही तो कोपरात वाकडाच होता.

पण मला त्या आठवतात त्या व्हरांड्यातल्या नव्हे. प्लास्टर अजून हाताला होतं, तेव्हाची गोष्ट आहे. मी त्यांच्या घरी बसले होते आणि ऋतुजाचा फोन आला. रडत होती. पहिल्या परीक्षेत नापास झाली होती, कुणाशी पटत नव्हतं, खोलीतल्या मुली तिच्या बोलण्याला हसत होत्या. "बाई, मी परत येते. मला न्हाय जमत."

बाईंचा चेहरा लाल झाला. "परत? परत आलीस तर तंगडं मोडून घरात बसवीन! कळलं? त्यासाठी हाडं मोडून घेतली व्हय मी?" आणि फोन आपटला.

मी चहा संपवला आणि म्हटलं, "हे तिच्या चुलत्याने म्हटलं असतं तरी असंच म्हटलं असतं."

मला वाटलं, आता कप अंगावर येणार. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीकडे. प्लास्टरचा हात त्यांनी दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर घेतला.

"माज्या तोंडातनं त्यो बोलला, व्हय गं?"

"हो."

"लाव फोन. माज्या हातानं लागत न्हाय."

मी लावून त्यांच्या कानाला धरला. बाईंना इतक्या हळू बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "ऋतुजा, ऐक. तुला यायचं असंल तर ये. र्‍हायचं असंल तर र्‍हा. बटण तूच दाबलंतस, म्हाईत हाय मला. तंगडं-बिंगडं काय मोडत न्हाय मी."

पलीकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज आला. मग पोरगी म्हणाली, "तुमचाच हात मोडलाय बाई. तुमी कुणाचं काय मोडताय?"

बाई हसल्या, मग हसताना पाठीत कळ आली म्हणून कण्हल्या, आणि कण्हत कण्हत विचारलं, "बरं. कुठल्या विषयात गेलीस, त्ये सांग आधी."

"अॅनॉटॉमी."

"हाडं?"

"हाडं."

"पुस्तक घे जा," बाई म्हणाल्या. "मी धरते फोन."