नदीच्या अलीकडं थोरली, पलीकडं धाकटी

अमेरिकेत माझ्या दोन पोरी एकाच नदीच्या दोन काठांवर राहतात. थोरली अलीकडं, डेव्हनपोर्टात. धाकटी पलीकडं, मोलीनमध्ये. मधी पूल. गाडीनं पंधरा मिनिटं लागतात. संभाजीनगरला आमच्या सिडकोतून क्रांती चौकात जायलासुद्धा त्याहून जास्त वेळ जातो. दोन्ही जावई ट्रॅक्टरच्या एकाच कारखान्यात. धाकटीला हे स्थळ थोरलीनंच सुचवलं होतं, बहिणी-बहिणी जवळ राहू म्हणून. आणि दोन वर्षांपासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

त्याचं असं झालं. हे गेले तेव्हा थोरली तिसऱ्या दिवशी घरी पोचली. धाकटीचे व्हिसाचे कागद अडकलेले. आली असती तर परत जाता आलं नसतं, म्हणून ती थांबली. तेराव्याला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना थोरली फोनवर सगळ्यांच्या देखत तिला म्हणाली, "तुला यायचंच नव्हतं." झालं. तिथून पुढं निरोप माझ्यामार्फत. "आई, तिला म्हणावं माझा मोठा कुकर तिच्याकडं राहिलाय." मी संभाजीनगरहून पलीकडं फोन लावायचा, कुकरचं विचारायचं, चार टोमणे ऐकायचे, त्यातले तीन गाळून उरलेला अलीकडं पोचवायचा. पूल ओलांडला असता तर कुकर अर्ध्या तासात घरी आला असता. माझे त्यात आठ दिवस गेले, आणि झाकण कुणाकडं आहे ते अजून ठरलेलं नाही.

मग आईनं एकटीनं राहायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. अर्थात वेगवेगळं ठरवलं आणि दोघींनी मलाच कळवलं. सहा महिने यायचं, तीन हिच्याकडं, तीन तिच्याकडं, आणि मग कायमचं कुठं राहायचं ते मी सांगायचं. गंगापूरहून दीर आले आणि म्हणाले, "वहिनी, म्हातारपणी लेकीच्या दारात राहणार का?" म्हटलं, तुमच्या दारात राहते, चालेल? ते चहा पिऊन गेले. पण खरी अडचण मला निघतानाच माहीत होती. ज्या घरात मी राहीन, त्या घराची पायरी दुसरी कधी चढणार नव्हती. बाप तर गेलाच होता. आईसुद्धा एकीच्या वाट्याला गेली असती.

एप्रिलात आधी थोरलीकडं उतरले. डेव्हनपोर्टची पहिली गोष्ट मला दिसली ती म्हणजे नदीला भिंत नाही. पूर आला की पाणी सरळ गावात येतं. खेळाच्या मैदानाला चहूकडून पाण्याचा वेढा पडलेला मी डोळ्यांनी पाहिला आणि लोक त्याच्या काठाला उभे राहून आइस्क्रीम खात होते. थोरली अभिमानानं म्हणाली, "आम्हाला नदी दिसायला पाहिजे, म्हणून भिंत बांधली नाही." माझ्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. आलं की पहाटे उठून हंडे, बादल्या, टाकी, सगळं भरायचं. आणि ह्या लोकांच्या दारात नदी स्वतःच्या पायांनी चालत येते, तर हे तिचे फोटो काढतात. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, इथं दोन्ही एकाच माणसाकडं कसं, हे मला कळेना.

बाकी गाव चांगलं. घरपट्टी कमी, रस्त्याला चढ, झाडी दाट. थोरली रोज काहीतरी दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "हे पलीकडं नाही." पलीकडची भाजी महाग, पलीकडं खड्डे लई, पलीकडचे लोक वाकडी गाडी चालवतात. मला कायगाव-टोक्याचा पूल आठवायचा. गोदावरीच्या अलीकडचे म्हणतात नगरवाले लबाड, पलीकडचे म्हणतात मराठवाड्याचे आळशी, आणि दोघं एकाच हॉटेलात भजी खातात.

जुलैत धाकटी मला न्यायला आली. म्हणजे पुलापलीकडच्या एका दुकानापाशी येऊन उभी राहिली. तिथवर मला थोरल्या जावयानं सोडलं. सामान एका डिकीतून दुसऱ्या डिकीत गेलं. माझं म्हणाल तर मी लग्नातल्या रुखवतासारखी उभी होते.

मोलीन सपाट. काठाला बांध, नदीला शिस्त. धाकटी म्हणाली, "इथं पाणी घरात शिरत नाही, आई. पलीकडच्यांना अक्कल नाही." तिचं पलीकडं म्हणजे थोरलीचं अलीकडं. विमानतळ ह्यांच्या बाजूला, हे तिनं मला तीन वेळा सांगितलं, जणू मी दर शनिवारी विमानानं जाणार होते. आणि ह्या काठाला गांजाचं दुकान राजरोस उघडं असतं. काचेचं, स्वच्छ, आत एसी. तोच गांजा खिशात घालून पूल ओलांडला की राज्य बदलतं आणि गुन्हा होतो. नदीला काय माहीत आपण कुठल्या कायद्यातून वाहतो? आमच्या गल्लीत एक बाबा देवळामागं चिलीम ओढत बसतो, त्याला ही हकिकत सांगितली तर त्यानं पासपोर्टचा फॉर्म कुठं मिळतो ते विचारलं.

खरं सांगायचं तर मला मोलीन आवडलं. नदीकाठाला एक बाक होता, सकाळी तिथं जाऊन बसायचे. एक गोरी म्हातारी कुत्रं घेऊन यायची. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत, दोघी आपापल्या सुनांबद्दल बोलत होतो असं मला वाटतं. मला सून नाही, पण तिच्या तोंडावरून विषय तोच होता. घरच्या पिठाच्या गिरणीवर तीस वर्षं बसल्यामुळं माझा आवाज चढा, तर शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. तिथं उरलेलं आयुष्य काढायला माझी काही हरकत नव्हती. रोज संध्याकाळी वाटायचं, आज धाकटीला सांगून टाकावं.

आणि रोज संध्याकाळी थोरलीचा फोन यायचा. "तिला सांग तुझी बीपीची गोळी जेवणाआधी आहे." धाकटी समोर ओट्यापाशी उभी. फोनचा आवाज तिला ऐकू येतोय. तरी ती माझ्याकडं बघणार, मी सांगणार, मग ती म्हणणार, "तिला सांग, मला वाचता येतं." एकदा मी फोन दोघींच्या मधी ओट्यावर ठेवून दिला आणि गप्प बसले. दोन्हीकडून आवाज नाही. शेवटी थोरली म्हणाली, "आई, आहेस ना?"

त्या दिवशी मला कळलं की ह्या पोरींना जोडणारा दोर मी आहे असं मला वाटत होतं, पण मीच भिंत होते. माझ्यामुळं त्यांना न बोलता चालत होतं.

निघायच्या आधीच्या रविवारी मी दोघींना त्या बाकापाशी बोलावलं. तू आली नाहीस तर कुठं राहायचं ते न सांगताच मी विमानात बसेन, असं दोघींना वेगवेगळं सांगितलं. आल्या. एक बाकाच्या ह्या टोकाला, एक त्या. मी मधी. म्हटलं, "मला तुमचं एकही गाव आवडलं नाही. एकात पाणी शिरतं, दुसऱ्यात गांजा मिळतो. मी माझ्या घरी चालले. आणि आजपासून कुणाचा निरोप कुणाला सांगणार नाही."

थोरली म्हणाली, "मग तिचं मला कळणार कसं?"

"मला काय माहीत. तुझी बहीण आहे, तुझं तू बघ."

धाकटी रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं. घेतलं असतं तर थोरली परत पूल ओलांडून गेली असती, म्हणून मी नदीकडं बघत बसले. आयुष्यात इतकी खोटी आणि इतकी कठोर मी कधी वागले नव्हते.

घरी आल्यावर दोन महिने लई जड गेले. फोन यायचा, "आई, तिला जरा सांग..." की मी म्हणायचे, दळण आलंय, ठेवते. एक-दोनदा तर गिरणीवर कुणी नव्हतंच. मग हळूहळू फोन कमी झाले. आधी रोजचे दोन असायचे, मग दिवसाआड एक. मी मुद्दाम लावत नव्हते. घर लई मोठं वाटायला लागलं.

जानेवारीत एका सकाळी धाकटीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, बर्फ किती पडलाय ते सांगितलं, आणि मधीच म्हणाली, "अगं, तुला सांगायचंच राहिलं. ताई बर्फावरून घसरली, उजवा हात प्लास्टरात आहे. भावजी कामानं बाहेरगावी होते, म्हणून मी चार दिवस तिच्याकडंच राहिले. अजून इथंच आहे."

चार दिवस. माझ्या पोरीचा हात मोडला आणि मला पाचव्या दिवशी कळत होतं. मी फाडकन बोलले, "मी तुमची आई आहे का शेजारीण?"

"तीच म्हणाली, आईला सांगू नको, उगं काळजी करत बसते." मागून थोरलीचा आवाज आला, "मी म्हणाले नव्हते, तूच म्हणालीस," आणि दोघींचं तिथंच जुंपलं. मला कुणी काही विचारत नव्हतं. मला पाहिजे होतं ते झालं होतं आणि मला भयंकर राग आला होता.

त्यांच्या भांडणात शिरून मी विचारलं, "उजवा हात म्हणतेस. मग तिची वेणी कोण घालतं?"

"मी," धाकटी म्हणाली.

"वाकडी घालत असशील," म्हटलं आणि फोन ठेवला.